इंग्लंडच्या खेड्यातली वंशावळ: पॅरिशच्या वह्या आणि मृत्युपत्रं यांची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीच्या शेतकऱ्याचा, लोहाराचा किंवा शेतमजुराचा माग काढायचा तर चर्चच्या दप्तरात शिरावं लागतं. या दप्तराला राजाचे हुकूम, कर आणि मालमत्तेचे तंटे यांनी आकार दिला. कोणता कागद कोणत्या कायद्यामुळे लिहिला गेला हे ठाऊक असलं, की नाव का सापडत नाही तेही उलगडतं.

५ सप्टेंबर १५३८ रोजी आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. आठवड्याच्या नोंदी रविवारी चर्चवॉर्डनसमोर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यासमोर, लिहायच्या. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. कागदी वह्या टिकेनात, तेव्हा १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितलं गेलं. त्या आदेशात ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासून’ अशी सवलत होती, त्यामुळे अनेक गावांच्या उपलब्ध वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात. त्याच वेळी दरवर्षीची नक्कल बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. मूळ वही भिजली, हरवली किंवा उंदरांनी खाल्ली तर ही नक्कल कामी येते. दोन्ही उपलब्ध असतील तरी दोन्ही वाचाव्यात, कारण तपशिलात फरक असतो. १६४२ नंतरच्या यादवीत मात्र बऱ्याच गावांत नोंदी तुटल्या आहेत.

तारखांचा घोळ नवख्याला हमखास फसवतो. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. मे १७१० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७१० मध्ये मुलाचा बाप्तिस्मा दिसला, तर मूल लग्नाआधीचं नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७११ चा आहे. टिपण करताना १७१०/११ असंच लिहावं.

२५ मार्च १७५४ पासून लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा लागू झाला. क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू वगळता सर्वांना चर्चमध्येच, जाहीर पुकारा करून किंवा परवाना काढून लग्न करणं भाग पडलं. वधूवर आणि साक्षीदार यांच्या सह्या किंवा फुल्या वहीत आल्या. साक्षीदारांची नावं जरूर उतरवून घ्यावीत. त्यांत पुष्कळदा भाऊ, मेहुणे निघतात. लग्न वराच्या गावी सापडलं नाही तर आधी वधूचं गाव धुंडाळावं. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता आणि कंगालांना तो माफ होता. त्यामुळे ‘कंगाल’ शेरा पाहून घर खरोखर दरिद्री होतं असं धरू नये. काहींनी बाप्तिस्माच लांबवला, म्हणून कर उठल्यावर एकाच दिवशी तीन-चार भावंडांच्या नोंदी आढळतात.

१ जानेवारी १८१३ पासून छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय. आईचं माहेरचं आडनाव मात्र त्यात नाही. ते लग्नाच्या नोंदीतूनच मिळतं. इथेच सर्वांत घातक चूक होते. योग्य नावाचा बाप्तिस्मा मिळाला की लोक तोच आपला पूर्वज धरतात. पुढच्या काही वर्षांची दफनं तपासल्याशिवाय तसं धरू नये. ते मूल दोन वर्षांचं होऊन वारलेलं असू शकतं, आणि तेच नाव धाकट्या भावाला ठेवलेलं असू शकतं.

इथे मृत्युपत्र मदतीला येतं. वहीत एक ओळ असते, मृत्युपत्रात अख्खं घर: लेकी, जावई, नातवंडं. १२ जानेवारी १८५८ पूर्वी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून मंजूर करण्याचं काम, चर्चच्या न्यायालयांकडे होतं. मालमत्ता एका आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या) हद्दीत असेल तर सहसा त्याचं न्यायालय, त्याबाहेर पसरली असेल तर बिशपचं, आणि एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत ५ पौंडांहून जास्त असेल तर कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपचं. शोधही याच क्रमाने, खालून वर करावा. कँटरबरीची १३८४ ते १८५८ ची नोंदवलेली मृत्युपत्रं लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. थोरल्या मुलाचं नाव नसेल तर त्याला तोडलं असा अर्थ लावू नये. जमीन त्याला आधीच मिळालेली असे. विवाहित बाईचं मृत्युपत्र १८८२ पूर्वी क्वचितच सापडतं, विधवेचं मात्र जरूर शोधावं.

१५२९ च्या कायद्याने मृताच्या जंगम मालमत्तेची यादीही करावी लागे. शेजारी घरात फिरून खोलीगणिक भांडी, बिछाने, गायी, धान्य यांची किंमत लिहीत. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर या याद्या विरळ होतात. जमीन त्यांत धरलेली नसते, म्हणून यादीच्या बेरजेवरून ऐपत ठरवू नये.

डेव्हनमध्ये घराणं असेल तर मोठं नुकसान गृहीत धरूनच बसावं. मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरचं प्रोबेट दप्तर जळालं. तिथल्या लोकांसाठी कँटरबरीच्या प्रती आणि करखात्यासाठी एकोणिसाव्या शतकात केलेल्या नकला हाच आधार उरतो.

गावच्या वहीत बाप्तिस्मा आहे, पण लग्न नाही, दफन नाही, असा मुलगा कंपनी सरकारच्या नोकरीत गेलेला असू शकतो. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. मुंबईत वारलेल्या माणसाची इंग्लंडमध्ये मालमत्ता असेल, तर त्याचं मृत्युपत्र कँटरबरीच्या न्यायालयातही पाहावं.