अमेरिकेतली उन्हाळी सुट्टी शेतीसाठी? नाही हो

अमेरिकेत शाळांना उन्हाळ्याची लांब सुट्टी असते कारण पूर्वी पोरं शेतात राबायची, हे इतक्या वर्षांपासून फिरतंय की तिकडे राहणारे आपले मराठी आईबापही मुलांना तेच सांगतात. पण जरा विचार करा, पेरणी वसंतात आणि काढणी शरदात, मग सुट्टी नेमकी मधेच कशी?

१९व्या शतकात गावाकडच्या शाळा चक्क हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरायच्या आणि पेरणी-काढणीला बंद असायच्या. शहरातल्या शाळा जवळपास वर्षभर चालायच्या, तिथे उकाडा, उन्हाळ्यात शहर सोडून जाणारी पैसेवाली कुटुंबं आणि सगळीकडे एकच वेळापत्रक हवं म्हणणारे शिक्षणवाले, यातून ही सुट्टी आली.

खरी शेतीची सुट्टी बघायची तर अमेरिकेतल्या मेन (Maine) नावाच्या राज्यातली आरूस्टुक काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, बघा. तिथल्या छोट्या गावांच्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू व्हायच्या आणि सप्टेंबरमध्ये बटाटे काढायला बंद, पोरं वाकून टोपलीत बटाटे भरणार, टोपली लाकडी पिंपात रिकामी करणार आणि पिंपावर आपल्या नंबरचं तिकीट लावणार, त्यावरच मजुरी. आता मशीन आली, बऱ्याच शाळांनी ही सुट्टी कमी केली नाहीतर बंदच केली.