महाद्वार रोड आणि 'नैसर्गिक बाजार' या शब्दाचा गुंता

कोल्हापुरात गुळाच्या व्यापारासाठी १८९५ साली स्टेशनजवळ शाहूपुरी वसली. किरकोळ खरेदी मात्र अंबाबाईच्या देवळाभोवतीच राहिली : महाद्वार रोडला कापड, गुजरीत सोनं, पापाच्या तिकटीजवळ चपला. दुकानाच्या पायरीपुढे बांगड्या, फुलं, खेळणी मांडून बसणारेही याच बाजाराचे.

या बसणाऱ्यांना तिथंच ठेवायचं की उठवायचं, हा आजचा वाद. तो कळायला २०१४ चा पथविक्रेता कायदा पुरे, आणि त्यातली एक संज्ञा : 'नैसर्गिक बाजार'. जिथं विकणारे आणि गिऱ्हाईक परंपरेनं जमतात ती जागा. पण नुसती परंपरा चालत नाही. शहर पथविक्रेता समितीनं शिफारस करायची आणि पालिकेनं तसं ठरवायचं. विक्री पन्नास वर्षांहून जुनी असेल तर तो वारसा बाजार जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं दुसऱ्या अनुसूचीत आहे. नैसर्गिक बाजार असल्याचा ठरावच झाला नाही, तर पिढ्यान् पिढ्या बसणाऱ्यालाही हे कलम दाखवता येत नाही.

उलट बाजूला १०० मीटरचा निकष आहे. मुंबईच्या प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं देवस्थानापासून तेवढ्या अंतरात विक्री बंद केली, पूजासाहित्य वगळून. तोच महाद्वाराला लावला तर नारळ-हार राहतील, बांगडीवाली उठेल.

दुसरी अडचण आकड्याची. विभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे. यात मोजली जातात राहणारी माणसं. मंगळवार-शुक्रवारी आणि नवरात्रात येणारे भाविक त्यात नाहीत, आणि इथला धंदा तर त्यांच्यावरच. जादा ठरलेल्यांना शेजारच्या विभागात जागा द्यायची, म्हणजे वर्दळीपासून दूर.

दुकानदारांची तक्रारही खरी आहे : भाडं आणि घरफाळा भरूनही दुकानाचं तोंड झाकलं जातं, अडचणीच्या वेळी बंब आत शिरत नाही. त्यावर उपाय म्हणजे पट्टे मारून जागा आखणं. सरसकट उठवणं नव्हे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हे कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. सर्वेक्षण दर पाच वर्षांत किमान एकदा व्हायला हवं. मोजणी फक्त दुपारी झाली की संध्याकाळी बसणारे आणि सणापुरते येणारे सुटतात. २०२० मध्ये केंद्राच्या स्वनिधी योजनेतून पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांचं कर्ज आलं, तेव्हा अशा सुटलेल्यांना आधी आपण विक्रेते असल्याचं शिफारसपत्र मिळवावं लागलं.

समितीतले चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडायचे, त्यात एकतृतीयांश महिला. महाद्वार रोडची शिफारस तिथूनच निघायला हवी.