नियम बदलला की पक्ष्यांचे आकडे का हलतात?

समजा उद्या ठरलं की नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात सकाळी सहाऐवजी आठलाच आत सोडायचं. कारण चांगलंही असेल, गर्दी वाढलीय, पक्ष्यांना त्रास होतो वगैरे. पण रातबगळे रात्रभर मासे मारून पहाटेच झाडावर परततात, ते तिथल्या चापडगावच्या मनोऱ्यावरून दिसायचे बंद होणार आणि पाच वर्षांनी कोणीतरी ग्राफ काढून म्हणणार की निफाड तालुक्यात रातबगळे घटले. बगळे तिथंच आहेत, आपण तिथं नव्हतो.

सिटिझन सायन्सच्या, म्हणजे सामान्य लोकांनी गोळा केलेल्या, डेटाचं हे मर्म आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर आपण नुसते पक्षी नाही नोंदवत, किती वेळ थांबलो, किती चाललो, जे जे ओळखता आलं ते सगळं लिहिलं का, हेही नोंदवतो. अशा शंभर पूर्ण याद्यांपैकी चाळीसमध्ये थापट्या बदक असेल तर त्याचं प्रमाण ४० टक्के, आणि हेच प्रमाण वर्षानुवर्षं कसं सरकतं त्यावरून पक्षी वाढला की घटला ते कळतं. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल याच पद्धतीवर उभा आहे: सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी, ९४२ प्रजाती, त्यातल्या १७८ ना तातडीनं लक्ष हवंय. ही माहिती जवळजवळ सगळी हौशी लोकांनी फुकट गोळा केलेली आहे, मला याचा खरंच अभिमान वाटतो, आणि म्हणूनच काळजीही वाटते.

कारण सरकारी निर्णय माणसांना हलवतो आणि माणसं हलली की डेटा हलतो. लॉकडाऊनच बघा ना. २५ मार्च २०२० ला सुरू झाला, नेमकं पाहुणे पक्षी परतीला लागायच्या दिवसांत. धरणांवर जायला बंदी, मग लोक गच्चीतून याद्या करायला लागले आणि त्यात बुलबुल, साळुंक्या, कबुतरं. एप्रिल २०१९ शी नुसती तुलना केली तर बदकं गायब आणि बुलबुलांचा सुकाळ. शास्त्रज्ञ हे दुरुस्त करू शकले कारण बंदीची तारीख सगळ्यांना पाठ होती. एखाद्या तळ्याचं गेट कधी बंद झालं ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

नियम चांगल्यासाठी असला तरी हे होतंच. आयनॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदींच्या वेबसाइटवर एखादी प्रजाती धोक्यातल्यांच्या यादीत गेली की बहुतेक वेळा तिची नेमकी जागा लपवली जाते, चोरी होऊ नये म्हणून. नकाशावरचा ठिपका मग अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात कुठंही पडतो, म्हणजे साधारण वीसेक किलोमीटर. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यावर वाढणाऱ्या एखाद्या दुर्मीळ कंदीलपुष्पाचा ठिपका नकाशावर थेट वैतरणा धरणाच्या पाण्यात दिसू शकतो! जागा लपवायलाच हवी, माझं दुमत नाही, पण रस्त्याचं प्लॅनिंग करणाऱ्यानं तोच नकाशा उघडला तर त्याला अंजनेरी मोकळीच वाटेल.

घाईचा वेगळाच प्रकार. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडाप्राण्यांच्या माहितीच्या वह्या, जैवविविधता कायदा २००२ मध्ये आल्यावरही वर्षानुवर्षं रेंगाळल्या, मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख दंड, आणि थोड्याच वर्षांत वह्या लाखोंच्या घरात गेल्या. गावच्या म्हाताऱ्यांबरोबर रानात फिरून केलेली वही आणि मुदत गाठायला केलेली वही सारखी नसते, कपाटात मात्र दोन्ही शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात.

पैसा बंद झाला तर आणखी वाईट. अमेरिकेत १९६६ पासून स्वयंसेवक दरवर्षी ठरलेल्या रस्त्यांवर पक्षी मोजतात, तो सर्व्हे चालवणाऱ्या सरकारी विभागाचाच निधी काढून घ्यायचा प्रस्ताव २०२५ मध्ये आला. सलग मालिकेत एक वर्ष रिकामं गेलं तर ते नंतर कितीही पैसे ओतून भरता येत नाही.

आपल्याकडे नाशिकला २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. गोदाकाठी रस्ते बंद होतील, पार्किंग, बॅरिकेड्स, काही ठिकाणी आपल्याला जाताच येणार नाही. प्रशासनाला माझी एकच विनंती आहे, कुठला भाग कुठल्या तारखेपासून कधीपर्यंत बंद ते जाहीर करा आणि ती यादी नंतर काढून टाकू नका. आणि आपण यादी करताना टिपणाच्या रकान्यात दोन शब्द लिहायचे, ‘मनोरा बंद होता’, ‘पुलावरूनच बघितलं’, तेवढ्यावर पुढचा अभ्यासक ती यादी बाजूला काढून मोजू शकतो.