वाढीव पेन्शनचा वाद आणि पासबुकातला तिसरा रकाना

पीएफच्या पासबुकात कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन असे तीन रकाने असतात. पहिल्या दोहोंवर दरवर्षी व्याज जमा होते. तिसऱ्यात महिन्यामागून महिने ५४१ किंवा १,२५० हाच आकडा दिसतो, व्याजाची नोंद नसते. कारण ते वैयक्तिक खाते नव्हेच. ती रक्कम सामायिक निधीत जाते आणि पेन्शन किती हे शिल्लक पाहून नव्हे, सूत्राने ठरते.

पीएफच्या १९५२ च्या कायद्यात पेन्शन नव्हती. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आली, तीही कामगाराच्या मृत्यूनंतर घरच्यांसाठी. आजची योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के तिच्याकडे वळवले गेले, सरकारने १.१६ टक्के घालायचे ठरले. मात्र ही टक्केवारी पूर्ण पगारावर नसून वेतनमर्यादेवर, म्हणजे हिशेबात धरायच्या कमाल पगारावर होती. ती मर्यादा आधी ५,००० रुपये, २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली.

‘पेन्शनपात्र वेतन’, म्हणजे पेन्शनच्या हिशेबात धरला जाणारा पगार, हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेकांना तो आपला शेवटचा पगारच वाटतो. सूत्र असे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार ६०,००० असला तरी हिशेबात १५,००० च धरले जातात. पूर्ण ३५ वर्षे धरली तरी हाती महिना ७,५०० येतात.

यावरची वाट मार्च १९९६ मध्ये एका परंतुकाने, म्हणजे नियमाला जोडलेल्या अपवादाने उघडली होती. कामगार आणि मालक यांनी मिळून पर्याय दिला, तर प्रत्यक्ष पगारावर ८.३३ टक्के भरता येत होते आणि पेन्शनही त्याच पगारावर, म्हणजे वाढीव मिळत होती. परंतुकात दोन तारखांचा उल्लेख होता: योजना सुरू झाल्याची, किंवा पगार मर्यादेपलीकडे गेल्याची. पीएफ कार्यालयांनी त्यांनाच अर्जाची मुदत मानले आणि उशिरा आलेले पर्याय नाकारले. ज्यांचा पीएफ वर्षानुवर्षे पूर्ण पगारावर कापला जात होता, तेही यात अडकले. या तरतुदीची कल्पना किती कामगारांना वेळेत मिळाली असेल? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्या तारखा हिशेबासाठी आहेत, मुदत म्हणून नव्हेत.

पण तोवर २०१४ ची दुरुस्ती होऊन गेली होती. परंतुकच काढून टाकले गेले. जुन्या सभासदांना नव्याने पर्याय द्यायला सहा महिने मिळाले, मर्यादेवरच्या पगारावर १.१६ टक्के त्यांनीच भरायचे ठरले. पेन्शनपात्र वेतनासाठी शेवटच्या १२ ऐवजी ६० महिन्यांची सरासरी आली. पगार चढत जाणाऱ्या माणसाची पेन्शन एवढ्यानेच घटते. २०१८ मध्ये एका उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली.

४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. १.१६ टक्क्यांची अट तेवढी फेटाळली आणि सेवेत असलेल्यांना पर्याय द्यायला चार महिने दिले. ही मुदत पुढे वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना मात्र काहीच मिळाले नाही. सामायिक निधीतून मोठ्या पगारदारांना पेन्शन दिली तर लहान पगारदारांचा वाटा त्यांच्याकडे जातो, हा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नाही. तरीही, ज्यांचे अर्ज चुकीचा अर्थ लावून परत गेले त्यांचे वय निघून गेले, हे त्याने भरून येत नाही.

त्याच दुरुस्तीनंतर १५,००० हून अधिक पगारावर पहिल्यांदाच रुजू झालेल्यांना ही पेन्शन योजना लागूच नाही. त्यांच्या पासबुकात तिसरा रकाना रिकामा असतो, मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो. महिन्याची पेन्शन हवी तर त्यांनी ती स्वतः उभी करायची. २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) त्यासाठी आहे, पण तिथे सूत्र नाही. जमा रकमेतून घेतलेली वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैशांच्या बदल्यात नियमित रक्कम देणारी विमा कंपनीची योजना, जेवढी देईल तेवढेच मिळते.