ऑटोमॅटिक ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचा असेल तर: इंदूरमधली पात्रता, अर्ज आणि कागद

गिअरबॉक्सने मान टाकली की दुरुस्तीचा आकडा ऐकून आधी माणूस गप्प होतो. मग मिस्त्री हळूच म्हणतो, "भिया, मॅन्युअल डलवा लो, झंझट खतम." गेल्या वर्षी माझ्या भाच्यालाही हेच ऐकायला मिळालं. त्याचं म्हणणं होतं, "मामा, आधी काम करून घेऊ, कागदांचं नंतर बघू." मी त्याला तिथेच थांबवलं, कारण या कामात क्रम उलटला की गाडी तयार होते आणि आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, अडकते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. यावर भाच्याचा प्रश्न तयार होताच: आरसीवर गिअरबॉक्सचा रकाना कुठे असतो? रकाना नसतो, हे खरं. पण मॉडेलचं नाव आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं, आणि त्या नावातच पुष्कळदा 'एटी' (म्हणजे ऑटोमॅटिक) ही अक्षरं असतात.

म्हणून पात्रतेचा पहिला प्रश्न मालकाबद्दल नाही, गाडीबद्दल आहे. तुमचंच मॉडेल, तेच इंजिन, तीच ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी रचना), पण मॅन्युअल गिअरबॉक्ससह कंपनीने भारतात विकलं होतं का? एक्सयूव्ही ५०० मध्ये दोन्ही प्रकार मिळत होते, फॉर्च्युनर आणि थारमध्येही. एक्सयूव्ही ७०० मात्र ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये फक्त ऑटोमॅटिक आली, त्यामुळे तिथे दाखवायला मूळ नमुनाच नाही. अशा गाडीसाठी अर्जाच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही प्रकार निघाले असले तरी काम सोपं होत नाही. फॉर्च्युनरच्या २.८ डिझेल इंजिनाचं उदाहरण घ्या. २०२१ पासून मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो आणि ऑटोमॅटिकला ५००. इंजिन तेच, पण ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, गणित वेगळं. नुसता गिअरबॉक्स बदलून तुमची गाडी कंपनीची मॅन्युअल होत नाही. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) काढून फ्लायव्हील आणि क्लच बसवायचा, पेडल आणि क्लचचे सिलिंडर जोडायचे, प्रोपेलर शाफ्टची लांबी तपासायची, वायरिंग आणि ईसीयू मॅन्युअलचं घ्यायचं. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये एक जास्तीची मेख आहे: पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) गुणोत्तर जुळलं पाहिजे. ते चुकलं तर चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच किंवा ट्रान्सफर केस जळतो.

आता अर्ज. आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा की या चासी क्रमांकाच्या गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स मंजूर आहे का. तोंडी 'हो' कामाचं नाही, आणि उत्तर नकारार्थी आलं तर तिथेच थांबा. होकार मिळाला तर परिवहन पोर्टलवर वाहनातील फेरबदलाचा अर्ज करा. शुल्क पोर्टलच दाखवतं. इंदूरच्या नायता मुंडल्यातल्या आरटीओ कार्यालयाची पूर्वपरवानगी हातात आल्याशिवाय पाना उचलू द्यायचा नाही. काम झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसी नोंदीसाठी द्यावी लागते, आणि निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो.

फाइलमध्ये मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, चासी क्रमांकाचा पेन्सिल ठसा, कंपनीचं पत्र आणि गिअरबॉक्स व मजुरीचं जीएसटी बिल ठेवा. भंगारातून आणलेल्या गिअरबॉक्सला बिल नसतं, तिथेच बहुतेक फाइली अडतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते. विमा कंपनीलाही कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी त्यांना आयतं कारण मिळतं. लायसन्सची चिंता नको, एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही चालतात.

दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घ्यायची असेल तर कायदा नरम आहे. तिथे कलम ५२ मध्येच बदलानंतर मंजुरी घेण्याची सोय आहे. क्लच काढून टाकणाऱ्यांना यातून वाट मिळू शकते, हौसेने क्लच बसवणाऱ्यांना नाही.

परवानगीशिवाय केलं तर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर कोणी बोनेट उघडून बघत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण गाडी विकताना, किंवा १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला नेताना, 'एटी' लिहिलेल्या गाडीत तिसरं पेडल दिसतंच.

भाच्याने शेवटी होता तोच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओव्हरहॉल करून घेतला. जसा होता तसाच भाग परत बसवला, त्यामुळे फेरबदलाचा अर्ज करावा लागला नाही. बिल मात्र मी त्याला आरसीच्या पाकिटात ठेवायला लावलं.