प्लेटलेट्सवर कोण चिकटलंय?

पावसाळा सरत आला की ठाण्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चौकशी: प्लेटलेट्स किती आल्या? डेंग्यूतून बरं होताना आकडा सहसा आपसूक वर येतो. पण काहींना ताप नसतो, कसलाच संसर्ग नसतो, तरी आकडा दहा-वीस हजारांवर अडकून बसतो आणि पायांवर बारीक लाल ठिपके उठतात. मग संशय स्वतःच्याच अँटिबॉडींवर, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांवर, जातो: त्याच प्लेटलेट्सना चिकटून त्यांचा नाश करतात. या आजाराला आयटीपी (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया) म्हणतात.

दोष रक्तद्रवातच आहे हे दाखवलं अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या विल्यम हॅरिंग्टन यांनी. आयटीपीच्या रुग्णाचं रक्त त्यांनी स्वतःच्या शिरेत घेतलं आणि काही तासांत त्यांच्या प्लेटलेट्स धडाधड उतरल्या. हे काम १९५१ साली छापून आलं. आज कोणतीही एथिक्स कमिटी असल्या प्रयोगाला दारातही उभं करणार नाही.

प्रयोगशाळेत मात्र हा गुन्हेगार, म्हणजे ती अँटिबॉडी, सहजी हाती लागेना. सुरुवातीच्या चाचण्या प्लेटलेट्ससोबतचं एकूण आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) मोजायच्या. पण प्लेटलेट आपल्या पोटातल्या बारीक पिशव्यांत रक्तातलं आयजीजी भरूनच ठेवते, त्यामुळे प्लेटलेट्स कमी होण्याचं कारण भलतंच असलं तरी चाचणी पॉझिटिव्ह!

१९८७ साली जर्मनीतल्या गीसेनच्या संशोधकांनी 'मायपा' ही पद्धत मांडली. आधी निरोगी माणसाच्या प्लेटलेट्स रुग्णाच्या सिरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) ठेवायच्या. मग उंदराची अशी अँटिबॉडी घालायची, जी प्लेटलेटवरचं एकच ठरावीक प्रथिन धरते, उदाहरणार्थ जीपी टूबी-थ्रीए. धुवायचं, डिटर्जंटने प्लेटलेट्स फोडायच्या आणि तो द्रव उंदराची अँटिबॉडी पकडून ठेवणाऱ्या खळग्यांत ओतायचा. बाकी सगळं वाहून जातं. त्या प्रथिनावर माणसाची अँटिबॉडी चिकटलेली असेल तरच शेवटी खळग्यात रंग उतरतो. म्हणजे अँटिबॉडी आहे हे कळतंच, शिवाय कुठल्या प्रथिनावर आहे तेही.

गोची अशी की आयटीपीत खरी उपयोगी चाचणी रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेट्सवर करावी लागते, आणि नेमक्या त्याच त्याच्याकडे नसतात. आकडा जितका खाली, तितकं रक्त जास्त काढावं लागतं, तेही ताजं. गल्लीतल्या लॅबचं हे काम नव्हे. एवढं करून जवळपास निम्म्या रुग्णांत निकाल निगेटिव्ह येतो, म्हणून तेवढ्यावरून आयटीपी नाही असं म्हणता येत नाही. डॉक्टर बहुतेक वेळा या चाचणीवाचूनच उपचार सुरू करतात. माझ्या मते ते योग्यच आहे.

काही अँटिबॉडी मात्र फक्त नळीतच उपद्व्याप करतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे त्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटवतात. मशीनला त्या गुठळ्या मोजता येत नाहीत आणि धडधाकट माणसाचा आकडा चाळीस हजार छापून येतो. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर गुठळ्या शोधतात आणि निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त मागवतात. सायट्रेटच्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं.