एक सुई किती हातांतून जाते

बेळगावहून निपाणी जेवढी लांब, साधारण तेवढ्याच अंतरावर स्कॉटलंडमधली एडिंबरा आणि ग्लासगो ही दोन शहरं आहेत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्हीकडे हेरॉइन टोचून घेणारी तरुण मुलं झपाट्यानं वाढली. एडिंबरात पोलिसांनी सुयांवरच घाला घातला. खिशात सिरिंज सापडली की जप्त. सिरिंज विकणाऱ्या दुकानानंही विक्री बंद केली. नशा काही बंद झाली नाही, पण हाती असलेली एकेक सिरिंज अनेकांत फिरू लागली. 1986 मध्ये तिथल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यातले आकडे प्रसिद्ध झाले. तपासलेल्या हेरॉइन टोचणाऱ्यांपैकी 51 टक्के लोकांना एचआयव्हीची लागण झाली होती. ग्लासगोत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या सरकारी समितीनं सल्ला दिला, की या लोकांना स्वच्छ सुया द्या.

आपल्या देशात मणिपूरनं हेच भोगलं. सप्टेंबर 1989 पर्यंत तिथं टोचून नशा करणाऱ्यांच्या तपासण्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहाच महिन्यांत प्रमाण निम्म्यावर गेलं.

इतक्या वेगानं का पसरतं, हे सिरिंज नीट पाहिली की कळतं. शीर सापडली का, हे बघायला टोचणारा दट्ट्या जरा मागे ओढतो आणि रक्त आत येतं. मग औषध आत सोडून दट्ट्या पूर्ण दाबला, तरी सुई आणि नळी जिथं जुळतात तिथल्या पोकळीत थोडं रक्तमिश्रित पाणी उरतंच. सुई वेगळी काढता येते अशा सिरिंजमध्ये ते 80 मायक्रोलिटरच्या (मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग) घरात असू शकतं. इन्सुलिनच्या सिरिंजसारखी सुई आतच बसवलेली असेल तर सुमारे 2 मायक्रोलिटर. डोळ्याला दोन्ही सिरिंजा रिकाम्याच दिसतात. पाण्यानं विसळल्यावर तर हा फरक आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2012 मध्ये कमी पोकळीच्या सिरिंजा वाटाव्यात असं सुचवलं, त्यामागे हे साधं मोजमाप आहे.

हिपॅटायटिस सी हा यकृत बिघडवणारा विषाणू या बाबतीत एचआयव्हीहून चिवट. प्रयोगशाळेत तो सिरिंजमध्ये 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. दवाखान्यात चुकून वापरलेली सुई टोचली गेली, तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस सी ची, जुन्या अभ्यासांनुसार, शंभरात सुमारे दोन. शिवाय तो फक्त सुईवर अवलंबून नाही. पावडर विरघळवण्याचं भांडं, गाळायचा कापूस, सगळ्यांत मिळून वापरलेलं पाणी, यांतूनही तो जातो. लागण झालेला माणूस वीस-वीस वर्षं धडधाकट हिंडतो आणि यकृत आतून खराब होत राहतं.

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात 1990 मध्ये सुया बदलून देणारी गाडी सुरू झाली. ‘वापरलेली आणा, नवी न्या’ एवढाच व्यवहार. याचा उपयोग होतो का, हे ठरवायचं कसं? लोकांना विचारलं तर ते लाजेनं किंवा भीतीनं काहीही सांगतील. एडवर्ड कॅपलान आणि रॉबर्ट हाइमर या संशोधकांनी माणसांऐवजी सुयांची तपासणी केली. दिलेल्या प्रत्येक सिरिंजवर खूण केली, आणि परत आलेल्या सिरिंजांत विषाणूचा अंश आहे का ते पाहिलं. कॅपलान यांचा विचार मलेरियाच्या गणितासारखाच होता: डास जितके दिवस जगतो तितक्या जणांना चावतो, तसंच सुईचं. ती जितके दिवस फिरते तितक्या शिरांत जाते. फिरण्याचे दिवस कमी केले की लागणही कमी व्हायला हवी. तसंच झालं. परत येणाऱ्या सुयांमधलं विषाणूचं प्रमाण उतरलं आणि गणितानं दाखवलं, की नव्या लागणी सुमारे एक तृतीयांशानं घटल्या. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. यात कुणाला उपदेश केला नाही, कुणाला पकडलंही नाही.

सुयांच्या जोडीला बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे तोंडावाटे घ्यायचं औषध रोज नियमानं दिलं, तर तलफ शमते आणि टोचण्याची गरजच कमी होते. औषध आणि पुरेशा सुया दोन्ही मिळाल्यास हिपॅटायटिस सी ची लागण सुमारे 74 टक्क्यांनी कमी होते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालं आहे.

“पण हे म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणंच की!” हा आक्षेप आपल्या भागाला नवा नाही. बेळगाव, बागलकोट, विजापूर या पट्ट्यात एचआयव्ही मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरला. सौंदत्तीच्या डोंगराशी जोडलेली देवदासी प्रथा, महामार्गावरची ट्रक वाहतूक, कामासाठी मुंबई-पुण्याला जाणारी माणसं, असं सगळं त्यात होतं. कंडोम वाटायला सुरुवात झाली तेव्हाही लोक हेच म्हणाले. सांगलीत 1996 मध्ये धंदा करणाऱ्या बायकांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली आणि ते काम निपाणीपर्यंत आलं. त्या बायका स्वतः कंडोम वाटत, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेत, पोलिसांशी बोलत. पुढे 2003 नंतर कर्नाटकात मोठे कार्यक्रम आले. बेळगावसह पाच जिल्ह्यांत धंद्यातल्या बायकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण काही वर्षांत 19.6 वरून 16.4 टक्क्यांवर आलं. कंडोम मिळाले म्हणून धंदा वाढला नाही. बायका जगल्या, त्यांची मुलं पोरकी व्हायची वाचली. सुयांच्या बाबतीतला पुरावाही हेच सांगतो: स्वच्छ सुया दिल्यानं टोचणाऱ्यांची संख्या वाढत नाही.

आणि ही गोष्ट फक्त नशा करणाऱ्यांची नाही. ताप आला की ‘डॉक्टर, एक सुई मारा’ म्हणणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. गुजरातच्या मोडासात 2009 मध्ये दवाखान्यांतल्या पुन्हा वापरलेल्या सिरिंजांतून हिपॅटायटिस बी पसरला, माणसं दगावली. उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊमध्ये 2018 साली एका भोंदू डॉक्टरच्या एकाच सुईवर संशय गेला, गावकऱ्यांत एचआयव्ही सापडला. पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं नसेल तर इंजेक्शन घेऊ नका. गोळीनं भागत असेल तर गोळीच घ्या.

हिपॅटायटिस सी आता बरा होतो, आणि हे अजून पुष्कळांना माहीत नाही. साधारण 12 आठवडे गोळ्या घ्यायच्या. शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. कायदाही समजतो तितका आंधळा नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण दिलं आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 64 अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सवलत देतं. घरातला मुलगा यात अडकला तर अब्रूच्या भीतीनं त्याला खोलीत कोंडणारे आईबाप हे ऐकून तरी दवाखान्याची वाट धरतील, अशी माझी कळकळीची आशा आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या भागानं हक्कानं मागायला हवी. खानापूर किंवा निपाणीकडचा मुलगा तपासणीला गेला, तर समुपदेशकानं त्याच्याशी मराठीत बोलावं. सुई कोणाबरोबर वापरली, कितीदा वापरली, हे परक्या भाषेत कुणी सांगत नाही. आणि ते सांगितल्याशिवाय नीट मदत करता येत नाही. तपासणी कुठं होते हे विचारायला 1097 हा मोफत क्रमांक आहे. एचआयव्ही तपासणीचा निकाल गुप्त ठेवणं त्याच 2017 च्या कायद्यानं बंधनकारक केलं आहे.